आडवाटेची संगणकभाषा आणि सोलापुरी नक्षी

सोलापुरी चादर उलटी करून पाहिली, की नक्षी तीच राहते आणि रंग मात्र जागा बदलतात. वरच्या अंगाला पांढऱ्या जमिनीवर तांबडे फूल असेल, तर खालच्या अंगाला तांबड्या जमिनीवर पांढरे फूल दिसते. याचे कारण असे, की दिसायला एक असलेली ही चादर वास्तविक एकात एक गुंतलेली दोन कापडे असतात. एक पांढरे, एक तांबडे. फुलाच्या कडेपाशी ही दोन कापडे आपापली जागा बदलतात. वरचे खाली जाते, खालचे वर येते. कुठे जागा बदलायची आणि कुठे नाही, एवढे मागाला नेमके सांगितले, की नक्षी तयार होते.

मागाला हे 'सांगणे' म्हणजे आजच्या भाषेत प्रोग्राम लिहिणेच होय. गेली काही वर्षे मी सोलापुरातील जुन्या नक्ष्यांचे ग्राफ जमवतो आहे, आणि ते संगणकात जपण्यासाठी एक लहानसा प्रोग्राम फावल्या वेळात लिहितो आहे. संगणकाचे औपचारिक शिक्षण मला नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी जो प्रश्न पडला त्याचे तयार उत्तर जवळ नव्हते: हा प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहावा? सगळे जी वापरतात तिच्यात, की आपल्या कामाला जी शोभेल तिच्यात? मी दुसरा मार्ग धरला आणि फ्री पास्कल ही आज फार थोड्यांच्या वापरातली भाषा निवडली. ही निवड हौसेची असली तरी लहरीची नव्हती. तिच्यामागचा विचार मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. हौशी माणसाच्या हातून वर्षानुवर्षांच्या संध्याकाळी खर्च होतात. त्यांचे चीज व्हायचे की माती, हे पुष्कळदा या पहिल्या निवडीवर ठरते.

भोक आणि बिनभोक

फ्रान्समधील लिओं शहरात जोसेफ मारी जाकार याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जो माग सिद्ध केला, त्यावरून 'जेकार्ड' हा शब्द आपल्याकडे आला. भोके पाडलेल्या कागदाने माग चालवण्याची कल्पना त्याच्याही आधीची. १७२५च्या सुमारास बाझिल बुशाँ याने ती लिओंमध्येच वापरून पाहिली होती. जाकारने या सगळ्या प्रयत्नांना कारखान्यात टिकेल असे रूप दिले.

तत्त्व सोपे आहे. मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, ताणलेले असतात. धोटा त्यांमधून आडवा धागा, म्हणजे बाणा, घेऊन जातो. धोटा जाण्यापूर्वी ताण्यातले काही धागे वर उचलायचे आणि बाकीचे खाली ठेवायचे असतात. जेकार्डमध्ये प्रत्येक हुकाला एक सुई जोडलेली असते. पुठ्ठ्याचे कार्ड या सुयांवर दाबले जाते. जिथे भोक आहे तिथे सुई आरपार जाते, हूक जागेवर राहतो आणि वर येणाऱ्या पट्टीबरोबर उचलला जातो. जिथे भोक नाही तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हूक पट्टीवरून सरकतो आणि त्याचा धागा खालीच राहतो. एका बाण्याला एक कार्ड. कार्डे एकमेकांना दोऱ्याने शिवून त्यांची माळ करतात आणि ती माळ मागाच्या डोक्यावर फिरत राहते.

या कल्पनेचा संगणकाशी असलेला संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी कार्डांची युक्ती जेकार्डवरूनच घेतली. जाकारचे रेशमात विणलेले एक चित्र त्याने जवळ बाळगले होते. ते विणायला सुमारे २४,००० कार्डे लागली होती. १८४३मध्ये एडा लव्हलेसने त्या यंत्रावर ज्या टिपा लिहिल्या, त्यांत जेकार्डचा दाखला आहे. पुढे १९८३मध्ये बोनास या कंपनीने इलेक्ट्रॉनिक जेकार्ड बाजारात आणला आणि पुठ्ठ्याच्या कार्डांची गरजच संपू लागली.

सोलापुरात १८७७मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली 'जुनी गिरणी', सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग मागांच्या आवाजाने भरून टाकला. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. पण निर्देशांक नावाला मिळतो. प्रत्येक नक्षीचा ग्राफ जपण्याची सोय त्याने होत नाही. चादर सोडून टॉवेलकडे वळलेल्या कारखान्यात जुने ग्राफ आणि कार्डांच्या माळा म्हणजे नुसती अडगळ. पुठ्ठा रद्दीत जातो, ग्राफ कागदाच्या घड्या फाटतात. एका ग्राफचे चौकोन रंगवायला डिझायनरला किती दिवस लागले असतील, याचा विचार रद्दीच्या तराजूत होत नाही.

काम केवढे?

भाषा निवडण्याआधी कामाचे माप घ्यावे. ४०० हुकांची जेकार्ड आणि ६०० कार्डांची नक्षी धरू. म्हणजे धागा उचलायचा की नाही, असे ४०० गुणिले ६००, एकूण २,४०,००० निर्णय. प्रत्येक निर्णय 'हो' किंवा 'नाही' असा, म्हणजे एक बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सगळी नक्षी ३०,००० बाइटांत मावते. मोबाइलने काढलेला साधा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो.

डिझायनर मात्र हे सगळे चौकोन रंगवत नाही. दुहेरी विणीत पांढरा आणि तांबडा असे धागे जोडीने येतात, उभेही आणि आडवेही. म्हणून नक्षीचा एक चौकोन म्हणजे दोन उभे आणि दोन आडवे धागे. ग्राफवर २०० गुणिले ३००, म्हणजे ६०,००० चौकोन पुरतात. त्यांतून कार्डे तयार करण्याचा नियम दोन वाक्यांत सांगता येतो. पहिले वाक्य: उभा धागा आणि आडवा धागा एकाच रंगाचे असतील, तर साधी वीण करा, म्हणजे एक आड एक उचला. दुसरे वाक्य: दोन्ही वेगळ्या रंगांचे असतील, तर त्या चौकोनात जो रंग वर दिसायचा आहे त्या रंगाचा उभा धागा उचला आणि दुसऱ्या रंगाचा खाली ठेवा. प्रत्यक्ष कारखान्यात धाग्यांचे प्रमाण आणि बांधणीच्या तऱ्हा बदलतात, पण मूळ तत्त्व हेच. चादर उलटल्यावर रंग का उलटतात, याचे उत्तरही या दोन वाक्यांतच आहे: जो रंग वर आला नाही तो वाया गेलेला नसतो, खालच्या अंगाला त्याचे स्वतंत्र कापड विणले गेलेले असते.

हा हिशेब मांडल्यावर एक गोष्ट स्वच्छ झाली. अडीच लाख निर्णय घ्यायला आजच्या कोणत्याही संगणकाला, कोणत्याही भाषेत, डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ पुरतो. तेव्हा 'कोणती भाषा सर्वांत वेगवान' हा वाद माझ्या कामापुरता निरर्थक होता. 'कोणत्या भाषेला नोकरी मिळते' हाही. खरे प्रश्न वेगळे होते. पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात कोपऱ्यात पडलेल्या, इंटरनेट नसलेल्या जुन्या संगणकावर हा प्रोग्राम पेनड्राइव्हमधून नुसता टाकून चालेल का? त्याच्या खिडकीत मराठी नीट उमटेल का? आणखी पंधरा वर्षांनी तो उघडून दुरुस्त करता येईल का, आणि तेही एकट्याला?

गर्दीचा भरवसा

सर्वसाधारण सल्ला असा असतो, की जी भाषा पुष्कळ लोक वापरतात ती घ्यावी. गर्दी आहे तिथे धोका कमी. या सल्ल्यात तथ्य आहे, पण इतिहास वेगळेही काही सांगतो.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही आपल्या गावोगावच्या पतसंस्था, दुकाने, दवाखाने यांचे हिशेब फॉक्सप्रोमध्ये चालत. फॉक्सप्रो शिकवणाऱ्या वर्गांच्या पाट्या तालुक्याच्या ठिकाणीही दिसत. मूळ कंपनी १९९२मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४मध्ये आली, यापुढे नवी आवृत्ती निघणार नाही असे २००७मध्ये जाहीर झाले आणि जानेवारी २०१५मध्ये अधिकृत साहाय्यही थांबले. व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती १९९८ची. खिडक्या आणि बटणे असलेले प्रोग्राम लिहिण्यासाठी तिच्याइतकी लोकप्रिय साधने थोडीच होती. तिच्या लेखन-साधनाचे साहाय्य एप्रिल २००८मध्ये संपले. तिच्यात लिहिलेले जुने प्रोग्राम आजही चालतात, हे खरे. पण ते दुरुस्त करायचे साधन मात्र तेव्हापासून जागच्या जागी थांबले आहे.

कंपनीने केले ते व्यापाराच्या दृष्टीने बरोबरही असेल. मुद्दा एवढाच, की त्या भाषांभोवती लाखोंची गर्दी होती आणि तरी भवितव्य गर्दीच्या हाती नव्हते. ते एका मालकाच्या हाती होते. म्हणून भाषेचे 'किती लोक वापरतात' हे माप घेण्याआधी 'ती कोणाच्या मालकीची आहे' हे विचारावे, असे मला वाटू लागले.

मग पायथन का नको, असे कोणीही विचारील. ती लोकप्रिय आहे, मुक्तही आहे आणि शिकायला सोपी. माझ्या मित्रांना मी तीच सुचवतो, विशेषतः शब्दांची मोजदाद किंवा आकडेवारी करायची असेल तर. पण दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. २००८मध्ये पायथनची तिसरी आवृत्ती आली तेव्हा दुसऱ्या आवृत्तीतले प्रोग्राम जसेच्या तसे चालेनात, आणि दुसऱ्या आवृत्तीचे साहाय्य १ जानेवारी २०२० रोजी संपले. ज्यांच्यामागे संस्था होती त्यांनी बदल करून घेतले. हौशी माणसाचे जुने काम पेटीतच राहिले. दुसरे असे, की पायथनचा प्रोग्राम दुसऱ्याला द्यायचा तर त्याच्या संगणकावर पायथन बसवावे लागते, किंवा सगळे गाठोडे बांधून द्यावे लागते. पेनड्राइव्हवरची एक फाइल कारखान्यात नेऊन उघडायची, या माझ्या गरजेला ते फारसे सोयीचे नव्हते.

लॅझरसचे पुनरुत्थान

पास्कल ही भाषा स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील निक्लाउस विर्ट यांनी १९७०मध्ये जगापुढे ठेवली. १६४२ साली बेरजेचे यंत्र करायला घेणाऱ्या ब्लेझ पास्कलचे नाव तिला दिले. विद्यार्थ्यांना शिस्तीने प्रोग्राम लिहायला शिकवावे, हा तिचा उद्देश. म्हणून ती लहान आहे, बोलकी आहे, आणि कोणती वस्तू कोणत्या प्रकारची हे आधी सांगायला लावणारी आहे. १९८३मध्ये आलेल्या टर्बो पास्कलने ती घरच्या संगणकावर आणली. १९९५मध्ये डेल्फीने तिला खिडक्या आणि बटणे दिली. दोन्ही साधने बोरलँड कंपनीची. पुढे डेल्फीचे मालक बदलले, किमती वाढल्या आणि हौशी माणूस हळूहळू दाराबाहेर राहिला.

मात्र १९९३मध्ये फ्लोरियान क्लेम्फ्ल या जर्मन विद्यार्थ्याने पास्कलचा स्वतःचा अनुवादक लिहायला घेतला होता. तोच आजचा फ्री पास्कल. आपण लिहिलेल्या मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणे, हे त्याचे काम. खिडक्या रचण्याचे साधन त्याला हवे होते. त्यासाठीचा 'मेगिडो' नावाचा पहिला प्रयत्न वाऱ्यावर गेला. १९९९मध्ये काही जणांनी तो नव्याने उभा केला आणि बायबलमधल्या मेलेल्यातून उठलेल्या माणसाचे नाव त्याला दिले: लॅझरस. त्याची १.० ही आवृत्ती यायला २०१२ उजाडले. तेरा वर्षे! घाई नसलेल्या लोकांचे हे काम आहे, आणि मला त्यातच धीर वाटला. त्याचा सगळा मूळ मजकूर खुला आहे. कोणा एकाने ठरवले म्हणून तो बंद होणार नाही. चालवणारा कोणी उरला नाही तर थांबेल, पण जे हाती आहे ते हातीच राहील.

प्रत्यक्ष वापरात लॅझरस म्हणजे कोरी खिडकी आणि शेजारी बटणे, याद्या, चित्रफलक यांचा खण. हवे ते उचलून खिडकीत मांडायचे आणि दाबल्यावर काय व्हावे ते लिहायचे. शेवटी एकच फाइल तयार होते. ती विंडोजच्या जुन्या संगणकासाठी वेगळी, लिनक्ससाठी वेगळी करून घेता येते. लिहिलेला मजकूर मात्र तोच. टर्बो पास्कलच्या काळातले प्रोग्राम वाचण्याची वेगळी सोयही फ्री पास्कलमध्ये आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या मजकुराला अजून दार उघडे ठेवणारी भाषा पुढच्या पंधरा वर्षांतही माझ्या मजकुराला ओळख देईल, असा अंदाज बांधणे वावगे नाही.

साहित्याच्या वाचकांना आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. पुस्तकांची, विशेषतः गणिताच्या पुस्तकांची, देखणी अक्षरजुळणी करणारा टेक्स हा प्रोग्राम डोनाल्ड क्नूथ यांनी १९८२मध्ये नव्याने लिहिला, तो पास्कलच्याच आधाराने. लिहिताना त्यांनी प्रोग्राम आणि त्याचे स्पष्टीकरण एकत्र गुंफले, एखादे पुस्तक लिहावे तसे. आज रोजच्या वापरासाठी त्या पास्कलचे सी भाषेत यांत्रिक रूपांतर केले जाते. म्हणजे ज्या पास्कल-अनुवादकांसाठी तो लिहिला ते मागे पडले, तरी प्रोग्राम टिकला. कारण तो माणसाला वाचता येत होता.

देवनागरीची कसोटी

भाषेची खरी परीक्षा मी एका शब्दाने घेतली: 'सोलापूर'. यात अक्षरे किती? शाळेतले मूल सांगेल चार: सो, ला, पू, र. युनिकोड या जागतिक संकेतव्यवस्थेत काना, मात्रा, उकार यांना स्वतंत्र संकेत आहेत, म्हणून तिथे हा शब्द सात संकेतांचा होतो. साठवताना देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणजे झाले एकवीस. पास्कलला लांबी विचारली तर ती म्हणते २१. युनिकोडची जाण असलेले दुसरे सूत्र वापरले तर ७. पायथन ७ सांगते. ॲपलची स्विफ्ट ही भाषा मुलासारखे ४ असे उत्तर देते. या कसोटीत माझी निवड पहिली आली नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. नक्षीच्या नावाची पट्टी आखूड पडली म्हणून पहिले चार बाइट कापले, तर 'स' उरतो आणि पुढे ओकाराचा फुटका तुकडा. तो तुकडा पडद्यावर प्रश्नचिन्ह होऊन बसतो.

दुसरी कसोटी दिसण्याची. 'वि' लिहिताना संगणक आधी 'व' साठवतो आणि मग वेलांटी; दाखवताना मात्र वेलांटी आधी आली पाहिजे. जोडाक्षरांचेही तसेच. ही जुळणी करणारी यंत्रणा विंडोज आणि लिनक्समध्ये मुळातच असते, पण प्रोग्रामच्या खिडक्या तिच्यापर्यंत पोचल्या पाहिजेत. काही नामवंत साधने खिडक्या स्वतःच रंगवतात आणि त्यांत 'विणकर' हा शब्द वेलांटी मागे पडून येतो. लॅझरस बटणे आणि याद्या त्या त्या संगणकाच्याच वापरतो, म्हणून जिथे इतर ठिकाणी मराठी नीट दिसते तिथे याच्या खिडकीतही दिसते. हीच गोष्ट तेलुगूची. आमच्याकडे पुष्कळ विणकरांचे घर तेलुगू आणि बाजार मराठी आहे. एकाच खिडकीत दोन्ही लिप्यांत नाव लिहिता येणे ही इथली रोजची गरज आहे.

तिसरी कसोटी क्रमाची. नक्ष्यांच्या यादीत 'कलगी', 'कवडी' आणि 'कळस' ही नावे असतील, तर आपल्या वर्णमालेप्रमाणे याच क्रमाने यावीत, कारण 'ळ' हा 'ह'च्या नंतरचा. युनिकोडमध्ये 'ळ'ची जागा 'ल'च्या लगेच पुढे आहे. संगणकाला नुसते 'क्रम लाव' म्हटले, की 'कळस' 'कवडी'च्या आधी जाऊन बसतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांनाही तिथे स्वतंत्र जागा नाही. ते 'क' आणि 'ज' यांच्या पोटात जातात. मराठी क्रमाचे नियम मला स्वतः लिहावे लागले. ते काम साधारण एका पानाचे निघाले, आणि कोणत्याही भाषेत ही समज हवीच: तयार सोय वापरली तरी ती मराठी जाणते की नाही, हे आपणच तपासायचे असते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या, हा फरक ज्याला दिसत नाही त्याच्या हाती आपली यादी कशी सोपवायची?

काय सोडावे लागते

आडवाटेला जाण्याची किंमत असते. पहिली किंमत एकटेपणाची. अडलो तर शेजारच्या महाविद्यालयातल्या मुलाला विचारता येत नाही. त्याने ही भाषा पाहिलेली नसते. दुसरी, तयार सामग्री कमी. छायाचित्रातल्या ग्राफवरून चौकोन ओळखण्याची आयती साधने पायथनमध्ये विपुल आहेत. मी मात्र चौकोनाचा मधला ठिपका किती गडद आहे ते पाहून तो रंगवलेला आहे की कोरा हे ठरवतो, आणि शंकास्पद चौकोन डोळ्यांनी तपासतो. तिसरी किंमत बारीक पण मनाला लागणारी: पायथनमध्ये चलांना देवनागरी नावे देता येतात, फ्री पास्कलमध्ये नाही. 'ताणा' आणि 'बाणा' मला रोमन लिपीत लिहावे लागतात.

म्हणून हीच भाषा सगळ्यांनी घ्यावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. ज्याला भाषेचीच गंमत हवी त्याने लिस्पच्या कुळातली रॅकेट पाहावी. चालू प्रोग्राम न थांबवता आतून बदलण्याचा अनुभव हवा असेल तर स्मॉलटॉकची वारस असलेली फारो. लहान साधने भराभर जोडायची असतील तर जॉन औस्टरहाउट यांनी १९८८च्या सुमारास बर्कलीत घडवलेली टिकल. प्रत्येक वेळी मापाची दोरी मात्र स्वतःच्या कामाला लावावी. हे काम कोणाच्या संगणकावर चालायचे आहे? त्यात कोणती लिपी आहे? भाषेचा मालक कोण? जुना मजकूर आज चालतो का? आणि ही भाषा पूर्णपणे एका माणसाच्या डोक्यात मावते का? शेवटच्या प्रश्नाला मी सर्वाधिक महत्त्व देतो. ज्या भाषेची सगळी नियमावली एका हिवाळ्यात वाचून होते, तिच्यात एकट्याने केलेली दुरुस्ती अंदाजाने होत नाही, समजून होते.

नक्षी वेगळी, माग वेगळा

विर्ट यांच्या १९७६च्या एका पुस्तकाच्या नावातच एक समीकरण आहे: कृती अधिक माहितीची मांडणी म्हणजे प्रोग्राम, असा त्याचा आशय. जेकार्डने हे आधीच करून दाखवले होते. कार्डांची माळ ही नक्षी. माग म्हणजे तिची अंमलबजावणी. माग मोडला तरी तितक्याच हुकांच्या, त्याच मापाच्या दुसऱ्या जेकार्डवर तीच माळ चढवता येत असे. नक्षी यंत्राला बांधलेली नव्हती, म्हणून ती यंत्रापेक्षा जास्त जगू शकत होती.

माझ्या प्रोग्रामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय यातूनच आला, आणि तो भाषेच्या निवडीच्याही वरचा आहे. नक्षीची फाइल मी साध्या मजकुराची ठेवली आहे. रंगवलेल्या चौकोनाला फुली, कोऱ्याला टिंब. ग्राफची एक आडवी रांग म्हणजे फाइलमधली एक ओळ. वर साध्या मराठीत नक्षीचे नाव, रंग, हुकांची संख्या आणि दुहेरी विणीची ती दोन वाक्ये. प्रोग्राम ही फाइल वाचतो, चित्र दाखवतो, प्रत्येक कार्डाची भोके काढून देतो. पण उद्या फ्री पास्कल नाहीसा झाला, तरी ही फाइल कुठल्याही संगणकावर उघडेल. संगणकही नसेल तर तिची छापील प्रत ग्राफ कागदावर पुन्हा उतरवता येईल, जशी ती मुळात होती.

कमी वापरातली भाषा निवडण्याचे धैर्य मला या सोयीने दिले. भाषा हा माग आहे. आवडीचा, हाताला बसलेला, स्वतःला दुरुस्त करता येईल असा निवडावा. नक्षी मात्र त्याच्यात अडकवू नये. ज्यांच्या माळ्यावर जुने ग्राफ असतील त्यांनी आज भाषेची काळजी न करता एवढे करावे: कागद सपाट पसरून, समोरून, चौकोन मोजता येतील असा त्याचा फोटो घ्यावा. उभे-आडवे चौकोन किती, हूक किती, रंग कोणते, नक्षीला घरात कोणत्या नावाने ओळखत आणि ते नाव मराठी की तेलुगू, हे कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. प्रोग्राम पुन्हा लिहिता येतो. ग्राफ रंगवणाऱ्याला माहीत असलेले नाव एकदा गेले, की ते कोणत्याच भाषेत परत मिळत नाही.